एकोणऐंशीचं सोनं

अणूत काय काय असतं, हे आठवीतलं मूलही घडाघडा सांगतं: मधोमध केंद्रक, त्यात धनप्रभारी प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन, भोवती ऋणप्रभारी इलेक्ट्रॉन. उत्तर बरोबर आहे, पण त्यातूनच एक अडचण उभी राहते. हे तीन कण सगळ्या अणूंत तेच असतात. सोन्यातला प्रोटॉन लोखंडातल्या प्रोटॉनपेक्षा तसूभरही वेगळा नसतो. दोघांची अदलाबदल केली तर ती कुठल्याही उपकरणाला कळायची नाही. इलेक्ट्रॉनांचं आणि न्यूट्रॉनांचंही तेच. माल एकच असेल, तर एका अणूचा पिवळाधमक, कधीही न गंजणारा धातू आणि दुसऱ्याचा पावसाळ्यात तांबारणारा खिळा कसा होतो? फरक संख्येत आहे हे उघड आहे. पण कोणत्या संख्येत? अणूच्या एकूण वजनात, भोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येत, की केंद्रकातल्या प्रोटॉनांच्या? पाठ्यपुस्तक सांगतं की प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुक्रमांक, आणि अणुक्रमांकावरून मूलद्रव्य ओळखायचं. हे इतक्या सहज व्याख्येसारखं सांगितलं जातं, की शास्त्रज्ञांनी सोयीसाठी बसून ठरवलेला हा एखादा संकेत असावा असं वाटतं. माझं म्हणणं असं, की हा संकेत अजिबात नाही. तो निसर्गात सापडलेला निकाल आहे, तो लागायला शंभराहून अधिक वर्षं गेली, आणि हरलेले दोन्ही दावेदार काही कमी तोलामोलाचे नव्हते.

पहिला दावा वजनाचा होता, आणि तो एकोणिसाव्या शतकभर टिकला. जॉन डाल्टन यांनी शतकाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला त्याचं स्वतःचं वजन असतं असं मांडलं. 1815 मध्ये विल्यम प्राउट यांच्या लक्षात आलं, की बरेचसे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत येतात. म्हणजे सगळे अणू हायड्रोजनचेच रचून झालेले असतील का? कल्पना मोहक होती, पण क्लोरीननं ती अडवली. क्लोरीनचा अणुभार कितीही काळजीपूर्वक मोजला तरी साडेपस्तीसच्या आसपास येई, आणि अर्धा हायड्रोजन कुणी मान्य करायला तयार नव्हतं. तरीही वजनावरचा विश्वास ढळला नाही. 1869 मध्ये दिमित्री मेंडेलीव्ह यांनी आवर्तसारणी मांडली तीही मुख्यतः वजनाच्या चढत्या क्रमानं, आणि ती इतकी जमली की मोकळ्या ठेवलेल्या जागा पुढे नव्या मूलद्रव्यांनी भरत गेल्या. मात्र एका ठिकाणी मेंडेलीव्हनी स्वतःचाच नियम मोडला. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड आहे, म्हणून ते आयोडीननंतर यायला हवं. पण तसं केलं तर आयोडीन गंधकाच्या घराण्यात जातं आणि टेल्युरियम क्लोरीनच्या, आणि दोघांचंही रसायन याला साफ नकार देतं. मेंडेलीव्हनी टेल्युरियम आधी ठेवलं आणि त्याचं वजनच चुकीचं मोजलं गेलं असावं असं जाहीर केलं. वजन चुकलेलं नव्हतं. आजच्या मापांत टेल्युरियम 127.6 आणि आयोडीन 126.9 आहे. 1894 मध्ये सापडलेला आरगॉन पोटॅशियमपेक्षा जड निघाला, कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड ठरला, आणि अपवादांची संख्या वाढू लागली. एखाद्या नियमाला एक अपवाद असला तर मापात चूक शोधावी. तीन असले तर नियमाकडे पाहावं.

वजनाच्या दाव्याला खरा धक्का शिशानं दिला. किरणोत्सारी मूलद्रव्यं टप्प्याटप्प्यानं बदलत शेवटी शिसं बनतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं होतं. 1913 मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी मांडलं, की एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनाचे असू शकतात, हेच समस्थानिक. लगेच पुढच्या वर्षी हार्वर्डमध्ये थिओडोर रिचर्ड्स यांनी ते तराजूवर तपासलं. अणुभार मोजण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी कुणी नव्हता. नेहमीच्या शिशाचा अणुभार 207.2 येत असे; युरेनियमच्या खनिजातून काढलेल्या शिशाचा 206 च्या जवळ आला. थोरियमच्या खनिजातलं शिसं उलट जड निघालं. वजनं वेगळी, आणि तरी ही शिशं एकत्र केली तर कुठल्याही रासायनिक युक्तीनं ती परत वेगळी करता येईनात. 1919 पासून फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांच्या वस्तुमान-वर्णपटलेखकानं क्लोरीनचं जुनं कोडंही सोडवलं: क्लोरीनचे अणू 35 आणि 37 अशा दोन वजनांचे असतात, साधारण तीनास एक या प्रमाणात. घरटी सरासरी अडीच मुलं असा आकडा जनगणनेत निघाला, म्हणून कुठल्या घरात अर्धं मूल नांदत नसतं. साडेपस्तीसचा क्लोरीनही तसाच कुठेही नव्हता. वजनावरून मूलद्रव्य ठरत नाही, हे आता सिद्ध झालं होतं. अणुभाराच्या क्रमानं सारणी बहुतांशी बरोबर येई ती योगायोगानं नव्हे, पण वजन ही मूळ गोष्ट नसून मूळ गोष्टीची ढोबळ सावली होती.

मूळ गोष्टीकडे वाट गेली ती मँचेस्टरमधून. तिथे 1909 मध्ये हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा करत होते. बहुतेक कण सरळ आरपार जात, पण साधारण आठ हजारांतला एक कण चक्क मागे उलटे. 1911 मध्ये अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी त्याचा अर्थ लावला: अणूचा सगळा धनप्रभार आणि जवळजवळ सगळं वजन मधल्या एका अतिसूक्ष्म जागेत एकवटलेलं असलं पाहिजे. अणूचा व्यास एका मीटरच्या हजार कोटीव्या भागाच्या घरात. केंद्रक त्याच्याही दहा हजार ते एक लाख पट लहान. केंद्रकावर प्रभार किती, याचा अंदाज मात्र ढोबळच होता. सोन्यासाठी रदरफोर्डनी इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या शंभर पटींच्या आसपास आकडा धरला, म्हणजे अणुभाराच्या अर्ध्याएवढा. त्याच सुमारास चार्ल्स बार्कला यांच्या क्ष-किरणांवरच्या प्रयोगांतूनही इलेक्ट्रॉनांची संख्या अणुभाराच्या निम्म्याजवळ येत होती. पुढचं पाऊल कुणा प्राध्यापकानं टाकलं नाही. कायद्याचं शिक्षण घेतलेले आणि हौसेनं भौतिकशास्त्रात रमणारे डच गृहस्थ आंतोनियस व्हान डेन ब्रूक यांनी 1911 ते 1913 या काळात सुचवलं, की आवर्तसारणीतला मूलद्रव्याचा नंबर हाच त्याच्या केंद्रकावरचा प्रभार असेल. हायड्रोजन पहिला, त्याचा प्रभार एक, हेलियम दुसरा, त्याचा दोन, असं शेवटपर्यंत. तोवर सारणीतला नंबर म्हणजे निव्वळ रांगेतली जागा होती. तिला भौतिक अर्थ असू शकतो, हे सुचणंच मोठं होतं, पण सुचणं म्हणजे पुरावा नव्हे.

तो पुरावा हेन्री मोझली यांनी आणला, आणि हा प्रयोग भौतिकशास्त्राच्या इतिहासातला सर्वांत नेटका प्रयोग आहे असं माझं मत आहे. 1913 मध्ये पंचविशीतले मोझली रदरफोर्ड यांच्या मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत होते. कल्पना साधी होती. धातूवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळले की तो त्याच्या ठरावीक वारंवारतेचे क्ष-किरण सोडतो. वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या या खास किरणांची वारंवारता मोजायची आणि ती वजनाच्या क्रमानं चालते की नंबराच्या, ते पाहायचं. अडचण अशी की नळीतली हवा काढून टाकावी लागे, आणि प्रत्येक धातूसाठी नळी उघडून पुन्हा निर्वात करण्यात दिवस जात. मोझलींनी नळीच्या आतच रुळांवर छोट्या गाड्यांची एक माळ बसवली, प्रत्येक गाडीवर एकेक नमुना ठेवला आणि मासेमारीच्या रेशमी दोरीनं ती बाहेरून पुढेमागे ओढायची सोय केली. निघालेले किरण एका स्फटिकावरून परावर्तित होऊन छायाचित्राच्या काचेवर रेषा उमटवत. पहिल्या फेरीत त्यांनी कॅल्शियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्यं घेतली. छायाचित्रं एकाखाली एक लावली तेव्हा रेषा पायऱ्यांसारख्या सरकत गेलेल्या दिसल्या, प्रत्येक मूलद्रव्याला एक पायरी. कॅल्शियम आणि टायटॅनियमच्या मध्ये मात्र एका पायरीची जागा रिकामी होती, कारण तिथलं स्कँडियम मोझलींनी घेतलंच नव्हतं. जस्तासाठी पितळ वापरलं, तर त्यात जस्ताच्या रेषांबरोबर तांब्याच्याही रेषा उमटल्या. किरण भेसळदेखील दाखवून देत होते.

आकड्यांत मांडलं तर निकाल आणखी स्वच्छ होता. वारंवारतेचं वर्गमूळ काढलं की ते प्रत्येक मूलद्रव्याला ठीक एकसारख्या टप्प्यानं वाढत होतं. अणुभाराच्या वाढीला असा टप्पा नाही. तो कधी दोननं उडी मारतो, कधी चारनं, कधी मागेही येतो. कोबाल्ट आणि निकेलची परीक्षा इथेच झाली: वजन काहीही म्हणो, किरणांच्या हिशेबात कोबाल्ट 27 आणि निकेल 28. पुढे टेल्युरियम 52 आणि आयोडीन 53 असंच ठरलं, आणि मेंडेलीव्ह यांचा रसायनावरचा भरवसा त्यांच्या स्वतःच्या नियमापेक्षा खरा निघाला. 1913 मध्येच नील्स बोर यांनी मांडलेल्या अणुसिद्धांतातून मोझलींच्या सूत्राचा अर्थही लागला. सर्वांत आतल्या कक्षेत रिकामी जागा झाली की वरचा इलेक्ट्रॉन तिथे उतरतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरण म्हणून बाहेर टाकतो. ही ऊर्जा केंद्रकाच्या ओढीच्या, म्हणजे प्रभाराच्या वर्गानुसार वाढते. सूत्रात प्रभाराचा पूर्ण आकडा न येता त्यातून एक वजा होतो, कारण आतल्या कक्षेत उरलेला दुसरा इलेक्ट्रॉन केंद्रकाचा एक प्रभार झाकून टाकतो. 1914 मध्ये ऑक्सफर्डमधून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात मोझलींनी ही रांग अ‍ॅल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत, म्हणजे 13 पासून 79 पर्यंत नेली.

या रांगेनं असं एक काम केलं जे वजनाला कधीच जमलं नसतं: काय सापडायचं राहिलं आहे, हे नक्की सांगितलं. दोन अणुभारांच्या मध्ये कितीही मूलद्रव्यं कल्पिता येतात, पण 42 आणि 44 यांच्या मध्ये एकच आकडा आहे. मोझलींच्या यादीत 43, 61 आणि 75 या जागा रिकाम्या राहिल्या, आणि पुढे तिथेच रेनियम 1925 मध्ये, टेक्नेशियम 1937 मध्ये आणि प्रोमेथियम 1945 मध्ये सापडलं. एका दाव्याची परीक्षा तर मोझलींच्या डोळ्यांसमोरच झाली. पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज उर्बें विरल मृदा मूलद्रव्यांच्या क्षेत्रातले मातब्बर होते. वर्षानुवर्षं स्फटिकीकरण करून ती एकमेकांपासून वेगळी करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं होतं. आपल्याला सेल्टियम नावाचं नवं मूलद्रव्य मिळालं आहे असं त्यांचं म्हणणं होतं. 1914 मध्ये ते नमुने घेऊन ऑक्सफर्डला आले आणि मोझलींनी थोड्याच दिवसांत सांगितलं, की यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत आणि नवं काहीच नाही. सेल्टियम ज्या जागेवर बसवायचं होतं ते 72 नंबरचं मूलद्रव्य शेवटी 1923 मध्ये कोपनहेगनमध्ये डर्क कोस्टर आणि गेओर्ग हेवेशी यांना झिर्कोनियमच्या खनिजांत सापडलं, तेही क्ष-किरणांच्या रेषांवरूनच. मोझली ते पाहायला नव्हते. ब्रिटिश सैन्यात संदेशवहनाचं काम करताना 10 ऑगस्ट 1915 रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, गॅलिपोलीच्या लढाईत ते मारले गेले.

इथे एक रास्त शंका निघते. क्ष-किरण सोडतात इलेक्ट्रॉन. मग मोझलींनी मोजलं ते इलेक्ट्रॉनांचंच काहीतरी. त्याला केंद्रकाचा प्रभार म्हणणं बोर यांचा सिद्धांत गृहीत धरल्यावाचून जमत नाही, आणि 1913 मध्ये तो सिद्धांत जेमतेम काही महिन्यांचा होता. शंका वाजवी आहे, म्हणून तिला उत्तर दुसऱ्या, स्वतंत्र वाटेनं मिळणं गरजेचं होतं. ते 1920 मध्ये जेम्स चॅडविक यांनी दिलं. त्यांनी इलेक्ट्रॉनांना आणि कक्षांना हात न लावता गायगर-मार्सडेन यांचाच प्रयोग फार अचूकपणे केला: तांबं, चांदी आणि प्लॅटिनमच्या पत्र्यांवरून अल्फा कण किती प्रमाणात विखुरतात ते मोजलं आणि त्यावरून थेट केंद्रकाचा प्रभार काढला. उत्तरं आली 29.3, 46.3 आणि 77.4. सारणीतले नंबर 29, 47 आणि 78. एक वाट क्ष-किरणांची, दुसरी विखुरणाऱ्या कणांची. दोन्ही एकाच पूर्णांकाशी येऊन थांबल्या.

दुसरा दावेदार मात्र अजून उभा आहे, आणि त्याची बाजू वरवर अधिक बळकट आहे. रसायन म्हणजे इलेक्ट्रॉनांचा व्यवहार. लोखंड गंजतं, साखर विरघळते, दिवा जळतो तेव्हा केंद्रकं जागची हलतही नाहीत. देवाणघेवाण होते ती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. शिवाय साध्या अणूत प्रोटॉन जितके तितकेच इलेक्ट्रॉन असतात. मग ओळख इलेक्ट्रॉनांना का देऊ नये? उत्तर मिठात आहे. मिठातल्या सोडियमनं एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, त्याच्याकडे दहा उरलेले असतात, म्हणजे निऑनइतकेच. पण तो निऑन होत नाही. निऑन वायू कुणाशी फारसा संबंध ठेवत नाही. हा सोडियम क्लोरीनला घट्ट धरून बसतो आणि संधी मिळाली की गेलेला इलेक्ट्रॉन परत घेतो, कारण त्याच्या केंद्रकात अकरा प्रोटॉन आहेत आणि ते अकराव्याला ओढतात. याहून ठळक उदाहरण आकाशातलं आहे. 1869 च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली, जी पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग ती 'कोरोनियम' नावाच्या नव्या मूलद्रव्याच्या खाती टाकली गेली. हे कोरोनियम सत्तर वर्षं टिकलं. आवर्तसारणीत त्याला जागा मिळेना, कारण हलक्या भागातले सगळे नंबर भरलेले होते. 1940 च्या आसपास वॉल्टर ग्रोट्रियान आणि बेंग्ट एडलेन यांनी दाखवलं, की ही रेषा साध्या लोखंडाची आहे, फक्त त्याचे 26 पैकी 13 इलेक्ट्रॉन उडालेले आहेत, कारण प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे. उरलेले तेरा इलेक्ट्रॉन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमइतके. इलेक्ट्रॉनांवरून ओळख ठरवली तर या लोखंडाला अ‍ॅल्युमिनियम म्हणावं लागेल, आणि सूर्यापासून थोडं दूर जाऊन थंड झालं की पुन्हा लोखंड. ताऱ्यांच्या वर्णपटांबाबत हाच घोळ 1920 मध्ये मेघनाद साहा यांनी सोडवला होता: एखाद्या मूलद्रव्याच्या रेषा दिसतात की नाही, हे ते ताऱ्यात किती आहे यापेक्षा तापमानानं त्याचे किती इलेक्ट्रॉन सुटले आहेत यावर जास्त अवलंबून असतं. इलेक्ट्रॉन येतात-जातात. किती यायला हवेत, हे केंद्रक ठरवतं.

प्रभाराचा आकडा प्रोटॉनांचा, हे 1919 नंतर स्पष्ट झालं, जेव्हा रदरफोर्डनी नायट्रोजनवर अल्फा कण मारून त्यातून हायड्रोजनची केंद्रकं बाहेर काढली. पण मग वजनाचा हिशेब लागेना. नायट्रोजनचा प्रभार सात आणि वजन चौदा. सात प्रोटॉनांचं वजन सातच. त्या काळचं सर्वमान्य उत्तर होतं, की केंद्रकात चौदा प्रोटॉन आणि सात इलेक्ट्रॉन असावेत. इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या 1836 पट हलका, त्यामुळे वजनात फरक नाही आणि प्रभार मात्र सातानं कमी. हे खरं असतं तर या लेखातलं प्रतिपादन कोसळलं असतं, कारण मग मूलद्रव्य प्रोटॉनांच्या संख्येवर न ठरता प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन अशा वजाबाकीवर ठरलं असतं. या कल्पनेचा पाडाव होण्यात भारताचा हात आहे, दोनदा. पुंजभौतिकीनुसार कण दोन जातींचे: सत्येंद्रनाथ बोस यांच्या सांख्यिकीनं चालणारे आणि फर्मींच्या सांख्यिकीनं चालणारे. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन दुसऱ्या जातीचे. असे सम संख्येनं एकत्र आले तर गट बोस यांच्या जातीत जातो, विषम असले तर फर्मींच्याच. चौदा आणि सात मिळून एकवीस, विषम. कोलकात्यात 1928 मध्ये रामन परिणाम सापडला, आणि दुसऱ्याच वर्षी फ्रांको राझेत्ती यांनी तो वापरून नायट्रोजन वायूचा वर्णपट घेतला. त्यातल्या रेषांच्या कमीजास्त तेजावरून दिसलं, की नायट्रोजनचं केंद्रक बोस यांच्या जातीचं आहे. म्हणजे आतल्या कणांची संख्या सम. एकवीस कण नाहीतच. 1932 मध्ये चॅडविक यांनी बेरिलियमवर अल्फा कण मारून प्रोटॉनच्याच वजनाचा, प्रभार नसलेला न्यूट्रॉन शोधला, आणि सात अधिक सात असा चौदाचा सरळ हिशेब बसला.

न्यूट्रॉन मग निव्वळ भर घालणारे का? हा आक्षेप नीट ऐकला पाहिजे, कारण न्यूट्रॉनांमुळे फरक पडतो, आणि कधी मोठा. हायड्रोजनच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन वाढला की त्याचं वजन दुप्पट होतं; अशा हायड्रोजनचं जड पाणी 0 अंशाऐवजी 3.8 अंशांना गोठतं, आणि शुद्ध जड पाण्यात तंबाखूचं बी रुजलं नाही, हे गिल्बर्ट लुईस यांनी 1933 मध्येच पाहिलं होतं. रायगड जिल्ह्यातल्या थळला हे पाणी कारखान्यात काढतात. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांत साधं युरेनियम आणि जड पाणी वापरतात, तर पहिल्या-दुसऱ्यांना समृद्ध युरेनियम लागतं. युरेनियम 235 आणि 238 यांच्यात फक्त तीन न्यूट्रॉनांचा फरक, पण मंद न्यूट्रॉननं फुटतं ते पहिलंच. या सगळ्यात न्यूट्रॉन केंद्रकाचं भवितव्य ठरवतात, त्याचं नाव नाही. जड पाणी पाणीच राहतं, आणि युरेनियमचे दोन प्रकार रासायनिकदृष्ट्या इतके एकसारखे असतात की ते वेगळे करायला अवाढव्य कारखाने उभारावे लागले. याच्या उलट कार्बन 14 घ्या. त्याच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन आपोआप प्रोटॉन बनतो, वजन जवळजवळ तेवढंच राहतं, आणि कोळशातला घन कार्बन हवेतला नायट्रोजन होतो. याच बदलाच्या गतीवर, 5730 वर्षांच्या अर्धायुष्यावर, इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीसारख्या उत्खननांचा काळ काढला जातो. तीन न्यूट्रॉनांनी युरेनियमचं नाव बदललं नाही; एका प्रोटॉननं कार्बनचं बदललं.

आणखी खोल जाणारे विचारतील, की प्रोटॉन तरी मूळ कण कुठे आहे? तो क्वार्कांचा बनलेला. अप क्वार्कचा प्रभार दोन तृतीयांश, डाउनचा उणे एक तृतीयांश. दोन अप आणि एक डाउन मिळून प्रोटॉनचा एक. पण क्वार्क सुटा कधीच मिळत नाही, त्यामुळे अणूच्या पातळीवर अपूर्णांक पोहोचत नाहीत. बाहेरून दिसतो तो पूर्ण एक. तोही इतका नेमका, की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या प्रभारांत एकावर एकवीस शून्यं इतक्या भागांत एका भागाचाही फरक आढळलेला नाही. का, याचं पटणारं कारण भौतिकशास्त्राजवळ आज नाही. पण आकडा पूर्णांक असल्यामुळेच 79 आणि 80 च्या मधलं अर्धवट सोनं कुठे मिळत नाही.

आणि हा आकडा निव्वळ नाव नाही, गुणधर्मही त्यातूनच निघतात. 79 प्रोटॉनांची ओढ इतकी जबर असते की सोन्याचे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगानं फिरतात. या वेगाला आइन्स्टाइन यांची सापेक्षता लागू होते, इलेक्ट्रॉनांच्या कक्षा आक्रसतात, बाहेरच्या ऊर्जापातळ्या सरकतात, आणि सोनं निळा प्रकाश शोषू लागतं. उरतो तो पिवळा. त्याच घराण्यातल्या चांदीचा आकडा 47, ओढ कमी, म्हणून ती पांढरी. पाऱ्याचा 80. जुन्या किमयागारांची नजर पाऱ्यावर होती आणि अंतर खरोखरच एका प्रोटॉनचं होतं, पण ते अंतर भट्टीनं, आम्लानं वा मंत्रानं कापता येणारं नव्हतं. रसायन इलेक्ट्रॉनांपर्यंतच पोहोचतं. 1941 मध्ये अमेरिकेत वेगवान न्यूट्रॉनांनी पाऱ्याचं सोनं झालं, पण ते किरणोत्सारी होतं. अशा सोन्याचं 198 वजनाचं समस्थानिक जवळजवळ पावणेतीन दिवसांत निम्मं परत पारा होतं. सर्नच्या त्वरकात शिशाची केंद्रकं एकमेकांना जवळून चाटून जातात तेव्हा काही 82 मधले तीन प्रोटॉन गमावतात. 2015 ते 2018 या काळात अशी सुमारे 8600 कोटी सोन्याची केंद्रकं झाली, असं तिथल्या अ‍ॅलिस प्रयोगानं 2025 मध्ये सांगितलं. सगळ्याचं वजन 29 पिकोग्रॅम. परीस असा निघाला, आणि सराफ कट्ट्यावर त्याची भीती कुणाला वाटायचं कारण नाही.

आकडा हवा तेवढा वाढवत नेता येत नाही. प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. त्यांना धरून ठेवणारं बल अगदी जवळच चालतं, म्हणून केंद्रक मोठं होईल तसे न्यूट्रॉन जास्त लागतात आणि तरी शेवटी कमी पडतात. शिसं, 82, हे पूर्ण स्थिर असं शेवटचं मूलद्रव्य. त्यापुढे सगळी कधी ना कधी विघटित होतात, आणि शंभरच्या पुढची बरीचशी तर क्षणभरच टिकतात. मग त्यांना मूलद्रव्य म्हणायचं कशाच्या आधारावर? आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेचा निकष असा, की केंद्रक निदान एका सेकंदाच्या शंभर लाख कोटीव्या भागाइतका काळ टिकलं पाहिजे, कारण इलेक्ट्रॉन गोळा करायला केंद्रकाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे इलेक्ट्रॉनांना इथेही मान आहे, पण तो आकडा ठरल्यानंतरचा. आजवरच्या रांगेतलं शेवटचं, ऑगनेसॉन, दुब्ना इथे कॅलिफोर्नियमवर कॅल्शियमचा मारा करून बनवलं गेलं. त्याचे जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अणू तयार झाले आहेत आणि प्रत्येकाचं आयुष्य काही मिलिसेकंदांच्या आत संपलं. त्याच्या रसायनाचा एकही प्रयोग झालेला नाही. सारणीत ते निष्क्रिय वायूंच्या रकान्याखाली बसतं, पण गणितं सांगतात की ते वायू नसेलही आणि फारसं निष्क्रियही नसेल. तरीही त्याच्या नंबराविषयी वाद नाही: कॅलिफोर्नियमचे 98 आणि कॅल्शियमचे 20, एकूण 118.